चैत्रातील शेत आणि आपले औषधी भांडार

वसंत ऋतू म्हटला की आपणा वैद्यांच्या मनात प्रथम कफप्रकोपाचा विचार येतो. हेमंत-शिशिरात संचित झालेला कफ सूर्यसंतापाने विलीन होऊ लागतो, जाठराग्नी मंदावतो, आणि चिकित्सालयात प्रतिश्याय, कास, अरुची, त्वग्विकार यांच्या रुग्णांची संख्या वाढते. आपण वमनाचे नियोजन करतो, दिवास्वापाचा निषेध सांगतो, जुने यव-गोधूम आणि मध यांचा उपयोग समजावून देतो. परंतु याच चैत्र-वैशाखात, ज्या द्रव्यांच्या बळावर आपण ही चिकित्सा करतो, त्या द्रव्यांच्या उगमस्थानी काय चाललेले असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आपल्या औषधी भांडारात येणारी मुळे, खोड, पाने ही बहुधा गोणीच्या रूपानेच आपल्याला प्रथम भेटतात. गोणीवर द्रव्याचे नाव असते, भाव असतो; भूमी, ऋतू, वय आणि बीज यांचा पत्ता मात्र नसतो. प्रस्तुत लेखात एका लहानशा शेतावरील वसंत ऋतूची कामे क्रमाने पाहावयाची आहेत. त्यातून व्यवसायबंधू आणि औषधी निर्माते यांच्यासमोर एकच मुद्दा मांडावयाचा आहे. उत्तम द्रव्याची मागणी नोंदविण्याचा काळ चैत्र हा आहे, शरद किंवा हेमंत नव्हे.

ग्रंथातील वसंत

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात द्रव्यसंग्रहाचे ऋतू सांगितले आहेत. नव्याने फुटलेल्या शाखा व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत घ्यावीत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद आणि क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात अशा विभागणीचे एक मत देऊन सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत आणि आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूत घ्यावीत, असा स्वतःचा अभिप्राय नोंदविला आहे. शार्ङ्गधराने सर्व कर्मांसाठी लागणारी सरस औषधे शरदात घेण्यास सांगितले, तथापि वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस गोळा करावीत असा विशेष सांगितला.

या शेवटच्या सूचनेचे उत्तम उदाहरण म्हणजे मदनफळ. वसंत आणि ग्रीष्म यांच्या संधिकाळात, पक्व, पांडुर, न किडलेली, न कुजलेली फळे घ्यावीत; ती कुशाच्या वेष्टनात बांधून, वरून गोमयाचा लेप देऊन धान्याच्या राशीत आठ रात्री ठेवावीत, असा चरकोक्त विधी आपण पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेला असतो. ज्या शेताविषयी पुढे लिहावयाचे आहे, त्याच्या कुंपणात गेळाची दोन झुडपे आहेत. वमनकर्म करणाऱ्या किती वैद्यांनी गेळाचे फळ झाडावर पिवळे होताना पाहिले आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दोन एकरांचा संसार

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अंजीर आणि सीताफळ यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. जमीन बरीचशी हलकी, मुरमाड, निचऱ्याची. अशा एका गावी मध्यमवयीन दाम्पत्य दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमीन कसते. त्यातील २५ गुंठे अंजीर-सीताफळाखाली, ३० गुंठे अश्वगंधेखाली, १२ गुंठे शतावरीखाली आणि विहिरीलगतचे ४ गुंठे हळदीखाली आहेत. उरलेल्या तुकड्यात घर, गोठा, विहीर, रोपवाटिका आणि परसबाग. बांधावर कडुनिंब, शेवगा आणि करंज. कडुनिंबांवर गुळवेल चढविलेली.

चैत्रात या घराचा दिवस पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. धार काढणे, शेणकूर आटोपून सूर्योदयापूर्वी ठिबकची नळी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर वळविली जाते. विहिरीचे पाणी होळीनंतर झपाट्याने खाली जाते; मोटर सलग चालविता येत नाही. थोडा उपसा करावयाचा, झरे भरू द्यावयाचे, पुन्हा उपसावयाचे. अंजिराची तोडणी सकाळच्या गारव्यात होते. दहा-साडेदहानंतर उघड्या रानात काम करणे कठीण; म्हणून निवडणे, पाखडणे, बी मोजणे ही कामे छपरीखाली दुपारी चालतात. उन्हे उतरल्यावर पुन्हा रोपांना पाणी, आच्छादन, खड्डे खणणे. वसंतात दिवसा झोपू नये, हा आपला उपदेश या घरात वेगळा करावाच लागत नाही.

पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांत वसंत म्हणजे पेरणीचा हंगाम. तेथे बर्फ वितळून भूमी ओली झालेली असते. आपल्याकडे उलट स्थिती आहे. वसंत हा आदानकालाचा मध्य. जमिनीतील ओल संपत आलेली असते आणि पेरणीला अजून दोन-अडीच महिने असतात. त्यामुळे येथील वसंत हा काढलेले पीक निवडण्याचा, बी राखण्याचा, रोपे करण्याचा, पाणी जपण्याचा आणि पुढील वर्षी काय लावावयाचे हे ठरविण्याचा काळ आहे. यातील शेवटचे काम डोळ्यांना दिसत नाही. परंतु आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

खळ्यावरील अश्वगंधा

अश्वगंधेची पेरणी या भागात पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात होते. पाने पिवळी पडू लागली आणि फळे लाल झाली की पीक तयार झाले, असे समजतात. माघ-फाल्गुनात झाडे मुळासकट उपटली जातात, मूळ खोडापासून वेगळे करून धुतले जाते, वाळविले जाते. चैत्रात खळ्यावर प्रतवारी चालू असते. साधारण सात सेंटिमीटर लांबीची, एक ते दीड सेंटिमीटर जाडीची, बाहेरून गुळगुळीत, आतून शुभ्र आणि मोडताच कटकन तुटणारी मुळे पहिल्या प्रतीत जातात. त्याहून आखूड व बारीक दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत, आणि तुकडे व उपमुळे शेवटच्या प्रतीत.

हे काम घरातील स्त्रिया करतात. मूळ हातात घेऊन वाकविले की वाळले आहे किंवा नाही हे त्यांना कळते. वाकले तर पुन्हा उन्हात. ओलसर मूळ गोणीत भरले तर पावसाळ्यात बुरशी धरणार, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. आपल्या भांडारात येणाऱ्या मुळांत आपण आर्द्रतेचे प्रमाण तपासतो, तेव्हा खरे तर या हातांचे काम तपासत असतो.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. अश्वगंधेची पाने या शेतावर विकली जात नाहीत. ती कंपोस्टच्या खड्ड्यात जातात. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये औषधी निर्मात्यांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली. ग्रंथोक्त अंतर्गत प्रयोगात मूळच प्रमुख आहे. चूर्णात पान-खोड मिसळले गेले तर साध्या डोळ्यांनी ते ओळखणे अवघड. खळ्यावर मात्र मूळ आणि पाला यांचे ढीग स्वतंत्र दिसतात.

या हंगामात ३० गुंठ्यांतून सव्वा क्विंटलच्या आसपास वाळलेली मुळे मिळाली. मध्य प्रदेशातील नीमच ही अश्वगंधेची देशातील प्रमुख बाजारपेठ. एवढ्याशा मालासाठी तिकडे जाणे परवडत नाही. गेल्या वर्षी गावात आलेल्या व्यापाऱ्याने चारही प्रतींचा माल एकाच भावाने उचलला, आणि प्रतवारीसाठी घालविलेले तीन आठवडे फुकट गेले. याच कारणाने या घरात यंदा चर्चा सुरू आहे, की अश्वगंधा पुन्हा पेरावी, की ती जमीन कांद्याला आणि झेंडूला द्यावी.

गृहिणी सुपात बी पाखडीत म्हणाल्या, "वैद्यसाहेब, तुम्हा वैद्यमंडळींचा फोन येतो दिवाळीला. आमची पेरणी होती गौरी-गणपतीच्या अंगाला. अन् बी राखायचं का नाही, ते आम्ही आत्ताच ठरवतो. मग दिवाळीला फोन करून काय उपयोग?"

या प्रश्नातच सर्व विषय सामावलेला आहे. सुपात साडेतीन किलोच्या आसपास बी होते. हेक्टरी १० ते १२ किलो बी फेकून पेरण्यास लागते, म्हणजे ते ३० गुंठ्यांस पुरेसे. अश्वगंधेच्या बियांची उगवणक्षमता वर्षभरानंतर उतरत जाते. एक वर्ष पेरणी चुकली, तर निवडीने राखलेले हे बी नुसते पडून वाया जाते आणि पुढे पुन्हा बाहेरचे, अज्ञात बी आणावे लागते. म्हणजे एका हंगामात ग्राहक न मिळाल्याची किंमत केवळ त्या हंगामापुरती राहत नाही.

मातृवनस्पतींची ओळख

वसंत हा वनस्पती ओळखण्याचा ऋतू आहे. अनेक वृक्ष-वेली या काळात फुलतात अथवा पर्णहीन होतात, आणि खोडाची लक्षणे स्पष्ट दिसतात. रोपे कोणत्या मातृवनस्पतीपासून करावयाची हे ठरविण्यासाठी वैद्याने याच वेळी शेतावर असणे हितकर ठरते.

गुळवेल हे याचे पहिले उदाहरण. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली ग्राह्य गुडूची. हिच्या खोडावर पातळ, कागदासारखा सुटणारा पापुद्रा असतो आणि पाने हृदयाकृती व गुळगुळीत असतात. टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीच्या खोडावर ठसठशीत गाठीगाठी असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिस या तिसऱ्या जातीच्या पानाच्या खालच्या बाजूस लव असते. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये गुडूची सुरक्षित असल्याचे सांगताना क्रिस्पा जातीशी होणाऱ्या गल्लतीबद्दल सावध केले होते. चैत्रात गुळवेलीची पाने बहुतांशी गळालेली असतात. खोड उघडे असते. गाठी आहेत की पापुद्रा, हे त्या वेळी एका दृष्टिक्षेपात कळते. लव तपासावयाची असल्यास पावसाळ्यात पुन्हा पाहावे. वैशाख-ज्येष्ठात दोन पेऱ्यांच्या कांड्या काढून पिशव्यांत लावतात. कांडी काढल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत ती मातीत गेली पाहिजे. मातृवेल चुकली तर त्यापासून झालेली प्रत्येक वेल चुकणार, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण अशोकाचे. साराका असोका हा खरा अशोक वसंतात केशरी-तांबड्या गुच्छांनी फुलतो. रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावलेल्या उंच, निमुळत्या झाडाची फुले फिकट हिरवी असतात. त्याची साल अशोक म्हणून बाजारात येते ही आपणा सर्वांस माहीत असलेली व्यथा आहे. खऱ्या अशोकाची गणना निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असुरक्षित वर्गात होते. साल मिळण्याजोगा वृक्ष होण्यास अनेक वर्षे लागतात. या शेताच्या विहिरीजवळ चार वर्षांपूर्वी अशोकाची तीन रोपे लावली आहेत. त्यांच्यापासून साल मिळण्याची घाई कोणालाच नाही. प्रत्येक औषधी निर्मात्याने जेवढी अशोकत्वक् आपण वापरतो त्याचा विचार करून दरवर्षी काही रोपे कोणाच्या तरी बांधावर लावण्याचा खर्च उचलावा, एवढे मात्र आवर्जून सुचवावेसे वाटते. त्यासाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे वैशाखात खणून उन्हात तापू द्यावेत आणि आषाढात रोप लावावे.

शतावरीची लाल-काळी पक्व फळे चैत्र-वैशाखात मिळतात. वरचा गर चोळून काढला की आत कठीण, काळे बी. कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी ते रात्रंदिवस पाण्यात भिजवावे लागते. मुळे काढण्यास किमान दीड वर्ष थांबावे लागते. या शेतावरील शतावरीने दोन पावसाळे पाहिले आहेत. येत्या हिवाळ्यात ती निघेल. शेतकऱ्याने दीड-दोन वर्षे जमीन अडकवून ठेवावी आणि ग्राहकाने मात्र माल निघाल्यावर भाव विचारावा, हा व्यवहार न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही.

रोपवाटिका, हळद आणि परसबाग

घराच्या पूर्वेस एक गुंठा रोपवाटिका आहे. गादीवाफ्यांवर शेणखत व गाळाची माती. वर तुरीच्या काड्या व जुन्या साड्यांची सावली. तुळस आणि कालमेघ यांचे बी अतिशय बारीक. ते कोरड्या राखेत अथवा वाळूत मिसळून वैशाखात पेरले जाते, झारीने पाणी दिले जाते आणि पावसाचे आगमन झाल्यावर रोपे शेतात जातात. जोराने पाणी पडले तर बी वाहून जाते. म्हणून झारी घरातील आजींच्याच हाती असते.

हळदीच्या चार गुंठ्यांचे काम फाल्गुनातच आटोपलेले असते. कंद खणून, कढईत फेस व वास येईपर्यंत शिजवून, पंधरवडाभर उन्हात वाळविले जातात. पाच किलो ओल्या हळदीतून साधारण एक किलो वाळलेली हळकुंडे मिळतात. जेठे गड्डे बेण्यासाठी सावलीत हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवले आहेत. अक्षय्य तृतीयेनंतर त्यांची लागवड सुरू होईल. शेतकऱ्याने विचारले, "पॉलिश करून देऊ का?" त्यास नको सांगितले. बाजारातील काही हळदीत चकाकीसाठी शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ आढळलेली आहे. आपणास चकाकी नको, हरिद्रा हवी. म्हणून औषधी निर्मात्यांनी शेतावरूनच पॉलिश न केलेली हळकुंडे मागावीत.

परसबाग हा या घराचा चिकित्साविभागच म्हणावा. अक्षय्य तृतीयेला आळी करून भोपळा, दोडका, कारले यांच्या बिया टोकण्याची जुनी रीत येथे अद्याप पाळली जाते. न्हाणीचे सांडपाणी अळू आणि केळीला. रोपाशेजारी मातीचा माठ पुरून त्यात पाणी भरले की ते झिरपत राहते. दोन माठांवर दोन आळी उन्हाळा काढतात. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी, गूळ, ओवा व हिंग यांची चटणी होते. नव्या पालवीचे वसंतात ग्रहण करावे, हा संग्रहविधी आणि तिक्तरस कफघ्न आहे, हा गुणविचार या एका घासात एकत्र येतो. शेवग्याच्या शेंगा, वाळवणे, कैरीचे पन्हे अशी चैत्राची इतर कामे आहेतच.

भूमी आणि जल यांची परीक्षा

वारूळ, स्मशान, देवालय, ऊषर व भेगाळलेली जागा अशा ठिकाणची द्रव्ये घेऊ नयेत, असे आचार्यांनी सांगितले. आज या यादीत महामार्गाची कडा, कारखान्याचा नाला आणि सांडपाण्यावर पोसलेले शेत यांची भर घालावी लागेल. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने वनस्पतिज द्रव्यांसाठी जड धातूंच्या मर्यादा दिल्या आहेत: शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. तयार चूर्ण या मर्यादेबाहेर गेले, तर संपूर्ण घाणी फेकावी लागते. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये, शेत रिकामे असताना, मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देणे कितीतरी स्वस्त पडते. उन्हाळ्यात पाणी कमी असल्याने क्षार व दोष ठळकपणे समोर येतात, हाही एक लाभ.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींची उत्तम लागवड व संग्रह यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कारखान्यासाठी उत्तम निर्मिती पद्धतीचे 'शेड्यूल टी' त्यापूर्वीच, २००० मध्ये आले होते. या सर्वांचा गाभा नोंद ठेवणे हा आहे. शिवाय जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीखालील औषधी वनस्पतींना सवलत दिली असून, त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मूळस्थानाचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. ज्या औषधी निर्मात्याचा शेताशी थेट संबंध आहे त्याला हे कागद सहज मिळतात. गोणीवाल्याकडून ते मिळणे कठीण.

बारा गुंठ्यांचे गणित

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एका मध्यम व्यवसायाच्या चिकित्सालयास वर्षाला ४० किलो अश्वगंधा चूर्ण लागते असे धरू. घट जमेस धरून सुमारे ४५ किलो वाळलेली मुळे हवीत. कोरडवाहू वा संरक्षित पाण्यावर हेक्टरी ३ ते ५ क्विंटल वाळलेली मुळे येतात. म्हणजे गुंठ्याला ३ ते ५ किलो. सरासरी ४ किलो धरल्यास एका वैद्याची वर्षाची गरज बारा गुंठ्यांत भागते. तीन वैद्य एकत्र आले तर एक एकराच्या आतच त्यांचे काम होते. एवढ्या लहान प्रमाणावर विचार केला की हा विषय सरकारी योजनांचा किंवा मोठ्या कंपन्यांचा न राहता आपला होतो.

वरील शेतावर यंदा हेच करण्यात आले. परिसरातील तीन व्यवसायबंधू आणि एक लहान औषधी निर्माते यांनी चैत्रातच एकत्र बसून ३० गुंठ्यांची अश्वगंधा मागितली. प्रतवार भाव ठरला. पहिल्या प्रतीला अधिक, शेवटच्या प्रतीला कमी, आणि तिचा उपयोग तेलपाकाच्या क्वाथासाठी. अपेक्षित किमतीचा चौथा हिस्सा पेरणीपूर्वी, उरलेली रक्कम माल ताब्यात घेताना. पीक पावसाने गेले तर आगाऊ रक्कम पुढील हंगामात वळती करून घ्यावयाची, असे कागदावर लिहिले गेले. शेतकऱ्याने एकच अट घातली: "माल बघायला काढणीच्या येळेला येऊन जावा. फोनवर नापास करू नका." अट रास्त होती आणि ती मान्य झाली. सुपातील बी राखेत मिसळून मडक्यात भरले गेले. कांदा आणि झेंडूचा विषय त्या ३० गुंठ्यांपुरता मागे पडला.

सर्व प्रश्न यामुळे सुटले असे नाही. शतावरीच्या बारा गुंठ्यांना अद्याप निश्चित ग्राहक नाही. विहिरीने मे महिना निभावला तरच रोपवाटिका टिकेल. पुढील पिढीतील मुलगा नोकरीसाठी शहरात आहे आणि तो परतेल किंवा नाही हे घरातील कोणीच सांगू शकत नाही. औषधी शेती हा झटपट श्रीमंतीचा मार्ग आहे, असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून शेतकऱ्यांस आणि आपणासही दूर राहिले पाहिजे. खात्रीचा ग्राहक आधी आणि लागवड नंतर, हा क्रम मोडला की शेतकरी फसतो आणि पुन्हा कधी औषधी पिकाकडे वळत नाही.

चैत्रभेटीत करावयाची कामे

व्यवसायबंधूंच्या सोयीसाठी कामांचा क्रम पुढे देत आहोत.

१. माघ-फाल्गुनातच आपल्या वर्षभराच्या वापराची नोंदवही काढावी आणि सर्वाधिक लागणाऱ्या पाच वनस्पतींची वार्षिक गरज किलोत लिहावी.

२. त्यांपैकी कोणत्या आपल्या परिसरातील भूमीत व पर्जन्यमानात येऊ शकतात ते पाहावे. हलक्या जमिनीत अश्वगंधा, पाण्याची सोय असल्यास हळद, बांधावर गुळवेल व अडुळसा, अशी निवड करावी. जी वनस्पती त्या देशात स्वभावतः येत नाही तिचा हट्ट धरू नये.

३. पाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात शेतावर जावे. मातृवनस्पती स्वतः ओळखाव्यात आणि त्यांचा वाळविलेला नमुना चिकित्सालयात ठेवावा. शंका असल्यास जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाचे साहाय्य घ्यावे.

४. माती व पाणी यांच्या परीक्षणाचा खर्च ग्राहकाने करावा.

५. द्रव्य, प्रत, प्रमाण, भाव, आगाऊ रक्कम आणि काढणीचा काळ यांचा साधा लेखी करार करावा. सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद होत असल्याची खात्री करून घ्यावी.

६. काढणीच्या वेळी पुन्हा जावे. वाळवण, प्रतवारी आणि गोणी भरणे डोळ्यांदेखत व्हावे. रासायनिक खते वा धान्य ठेवलेल्या जुन्या गोण्या वापरू देऊ नयेत.

७. बी राखले गेले आहे ना, हे शेवटी विचारावे. कारण पुढील वर्षाचे औषध त्यात आहे.

आपल्या शाखांच्या मासिक सभा चैत्र-वैशाखात होतच असतात. त्यांपैकी एक सभा सभागृहाऐवजी एखाद्या शेतावर, सकाळी सात ते दहा या वेळेत घ्यावी. प्रत्येक वैद्याने येताना आपल्या पाच द्रव्यांची यादी आणावी, आणि औषधी निर्मात्यांनी आगाऊ रकमेची तयारी ठेवून यावे. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी त्या तालुक्यातील किमान एका शेतावरचे बारा गुंठे तरी आपल्या नावाने राखले जातील.